धरण उशाला, अंधार घराला

गेल्या महिन्यात शहाद्याकडच्या एका तालुका बैठकीत एक कार्यकर्ता उभा राहिला आणि त्याने रोखठोक विचारले, "कापसाला भाव नाही, पपईला भाव नाही, आणि तुम्ही पत्रकात सौर वीज, हवामान, आदिवासी असले विषय काय काढता? ते काम परिषदा भरवणाऱ्यांचे आहे." सभेत हशा झाला. आम्हीही हसलो. पण त्याच बैठकीत, जेवणानंतर, तोच कार्यकर्ता आम्हाला बाजूला घेऊन विचारत होता की सबस्टेशनजवळची त्याची तीन एकर जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने मागायला माणूस येऊन गेला आहे, द्यावी की न द्यावी? म्हणजे विषय आम्ही काढला नव्हता. विषय त्याच्या बांधावर येऊन उभा होता.

या जिल्हा बैठकीसाठी हा अग्रलेख लिहिताना आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर सपाटीवर शोधत नाही, सातपुड्यात शोधतो आहोत. कारण वीज कोणी करायची, कोणाच्या जमिनीवर करायची, आणि केलेली वीज कोणी वापरायची, या तिन्ही प्रश्नांची परीक्षा आपल्या जिल्ह्यात सर्वांत आधी अक्राणीच्या डोंगरातल्या आदिवासींनी दिली. ते उत्तीर्णही झाले होते. निकालपत्रिका पाण्यात गेली, ती गोष्ट वेगळी.

बिलगावची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. काहींनी ती 2004 साली आलेल्या 'स्वदेस' या हिंदी चित्रपटामुळे ऐकली. त्या चित्रपटात परदेशातून परतलेला शास्त्रज्ञ गावात ओढ्यावर वीज तयार करतो, आणि ती कल्पना बिलगाववरून सुचली असे सांगितले जाते. चित्रपटात शास्त्रज्ञ नायक आहे, ते साहजिकच आहे, तिकिटे त्याच्या नावावर विकायची असतात. खऱ्या बिलगावात काय झाले ते मात्र आपल्या लोकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे.

धडगाव तालुक्यात उदई नावाची नदी आहे, ती पुढे नर्मदेला मिळते. बिलगावाशी ती सुमारे 9 मीटर खाली कोसळते. हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या तसेच कोसळत होते आणि वर राहणारी सुमारे 180 कुटुंबे रात्री चिमणीच्या उजेडात भाकरी थापत होती. नर्मदा आंदोलनात असलेल्या या गावाने केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'च्या दोन तरुण इंजिनिअरांना सोबत घेतले. नदीवर छोटा बंधारा घातला, पाण्याला कालवा काढून दिला, टाकीत घेऊन पाइपातून खाली सोडले, खाली टर्बाइन आणि जनित्र बसवले. दगड, माती, वाळू वाहण्याचे काम गावाने श्रमदानाने केले. बाहेरून पैशाची मदत झाली, परदेशातल्या भारतीयांच्या एका संस्थेनेही हात दिला. जानेवारी 2003 मध्ये 15 किलोवॅटचा हा प्रकल्प सुरू झाला. घराघरांत दिवा लागला, आश्रमशाळेत दिवा लागला, आणि यंत्र चालवायला, बिघडले तर खोलायला गावातलीच पोरे तयार झाली.

15 किलोवॅट म्हणजे किती, हे शेतकऱ्याला सांगायला पुस्तक लागत नाही. आपली पाच अश्वशक्तीची मोटार पावणेचार किलोवॅट खाते. म्हणजे आपल्या चार मोटारी जेवढी वीज ओढतात तेवढ्यात एक गाव उजळले. कुटुंबामागे जेमतेम 80 वॅट येतात. शहरातला माणूस यावर नाक मुरडेल. पण ज्या घरात रॉकेलची बाटली महिना कसा काढायची याचा हिशेब चालतो, तिथे 80 वॅट म्हणजे पोराचा अभ्यास, रात्री-अपरात्री विंचू दिसणे, बाळंतिणीजवळ उजेड. हिशेब साधा आहे: सेकंदाला 300 लिटर पाणी 9 मीटर खाली पडले तर त्यात सुमारे 26 किलोवॅटची ताकद असते, यंत्रात थोडी गळती धरली तरी 15 हाती लागते. धूर नाही, कोळसा नाही, एक झाड बुडत नाही, आणि पाणी जसेच्या तसे पुढे नदीला जाते.

बिलगावच्या आधी, 2000 साली, नर्मदेकाठच्या डोमखेडीत असाच अगदी लहान प्रयोग झाला होता. तो पाण्याखाली गेला. तरी लोकांनी बिलगावला दुसरा केला. आमच्या मते या दोन प्रयोगांतली खरी बातमी हीच आहे. एकदा बुडल्यावर दुसऱ्यांदा, आणि पन्नास पट मोठा, करण्याची हिंमत धरणारी माणसे कोण होती? ज्यांना आपले सरकार "मागास" या खान्यात भरते ती.

8 मार्च 2006 रोजी सरदार सरोवराची उंची 110.64 मीटरवरून 121.92 मीटर करायला परवानगी मिळाली. त्याच पावसाळ्यात नर्मदेचा फुगवटा उदईच्या पात्रात चढला आणि बिलगावचा प्रकल्प गेला. मोठ्या विजेने छोटी वीज गिळली. 1450 मेगावॅटच्या प्रकल्पाने 15 किलोवॅटचा प्रकल्प बुडवला, आणि कोणत्याही नुकसानभरपाईच्या तक्त्यात "गावाने स्वतः केलेली वीज" असा रकाना नव्हता.

आता दुसरी बाजू पाहा. नर्मदा लवादाने डिसेंबर 1979 मध्ये निवाडा दिला, त्यात सरदार सरोवराच्या विजेपैकी मध्य प्रदेशला 57 टक्के, महाराष्ट्राला 27 टक्के आणि गुजरातला 16 टक्के वाटा ठरला. महाराष्ट्राला हे 27 टक्के कशाच्या बदल्यात? अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या 33 गावांच्या जमिनीच्या, जंगलाच्या, नदीच्या बदल्यात. पाणी गुजरातचे, वीज मुंबई-पुण्याच्या तारेत, आणि बुडीत आमच्या सातपुड्याचे. ज्यांच्या जमिनीवर राज्याने हा वाटा कमावला, त्यांच्या पाड्यांवर ती वीज पोहोचायला धरण पूर्ण झाल्यावरही कैक पावसाळे गेले. "धरण उशाला आणि कोरड घशाला" ही म्हण आपण पाण्यासाठी वापरतो. विजेसाठी ती जरा बदलून घ्यावी लागते, ती आम्ही वर शीर्षकात बदलून घेतली आहे.

सपाटीवरच्या वाचकाने इथे उगाच दयाबुद्धीने मान हलवू नये. आपलीही तऱ्हा फार निराळी नाही. कोयनेने उभ्या महाराष्ट्राचे कारखाने चालवले आणि कोयनेचे धरणग्रस्त पुढच्या पिढ्यांपर्यंत मोर्चे काढत राहिले. आपली डीपी जळाली तर काय होते? आमच्या स्वतःच्या शेतावरची डीपी एका रब्बीत, गहू ओंबीवर असताना जळाली. अर्ज दिला, वर्गणी काढली, ट्रॅक्टरने जुनी डीपी नेली, नवी आणली. 22 दिवस गेले. एकरी 14 क्विंटल होणारा गहू 8 वर आला. त्या 22 दिवसांत आम्हाला कळले की वीज आपल्या बांधावरून जाते याचा अर्थ वीज आपली आहे असा होत नाही. बिलगावच्या पोरांचे जनित्र बिघडले तर ती पाना घेऊन खाली उतरत होती. आम्ही कृषी पदवीधर, हातात अर्जाची पोच घेऊन बसलो होतो.

ज्या वर्षी बिलगावात दिवे लागले त्याच्या आसपासच आम्ही कृषीची पदवी घेऊन बाहेर पडलो. पहिली काही वर्षे शेतकऱ्यांना शहाणपण शिकवण्यात गेली. डोंगरात गेलो की दिसायचे, एकाच वावरात ज्वारी, त्यात तूर, उडीद, कडेला अंबाडी, कुठे भगर. आमच्या पुस्तकात याला नाव होते "अशास्त्रीय मिश्रपीक". आम्ही सांगितले, एकच पीक घ्या, ओळीत घ्या, खत द्या. काहींनी ऐकले. ज्या वर्षी ऑगस्टात महिनाभर पावसाने दडी मारली त्या वर्षी ज्यांनी आमचे ऐकले त्यांच्या घरी दाणा आला नाही, आणि ज्यांनी आमच्याकडे पाहून नुसती मान डोलावली त्यांच्या घरी तूर आणि भगर तरी आली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाबांना आम्ही विचारले, तुम्ही आमचे का ऐकले नाही? ते म्हणाले, "साहेब, पाऊस तुमचे ऐकत नाही म्हणून." हे उत्तर आम्हाला पदवीच्या चार वर्षांत कोणी दिले नव्हते.

आज हवामानाच्या परिषदांतून याच गोष्टीला "अनुकूलन" म्हणतात. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट ज्यांनी पाहिली, काढणीला आलेली द्राक्षे आणि गहू, हरभरा एका तासात मातीत गेलेले पाहिले, त्यांना हवामान बदलते आहे हे समजावून सांगायची गरज नाही. त्यांना एवढेच विचारायचे असते की यातून वाट कोण दाखवणार. आमचा अनुभव असा की वाट दाखवणारे बऱ्याचदा चढावर राहतात. साक्री तालुक्यातले बारीपाडा पाहा. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावाने 1990 च्या दशकात उघडे पडलेले डोंगर राखायला घेतले, कुऱ्हाडबंदी केली, स्वतःच दंड ठरवले, स्वतःच राखण केली. शेकडो हेक्टरांवर जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी आले, आणि पावसाळ्यानंतर बाहेर मजुरीला जाणारे गाव दुसरे पीक घेऊ लागले. 2025 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. पुरस्काराचा आम्हाला आनंद आहे. पण जंगल राखण्याचे हे काम पुरस्काराच्या तीस वर्षे आधी सुरू झाले होते, आणि तेव्हा खालच्या गावांतले आपलेच लोक म्हणत होते की या पाडेवाल्यांनी सरपण बंद केले.

कोणी म्हणेल, ही सगळी आपल्याकडची रड आहे, पुढारलेल्या देशांत असे होत नाही. तर अमेरिकेतल्या नवाहो लोकांची गोष्ट ऐका. ॲरिझोना राज्यात त्यांच्या भूमीवर 1970 च्या दशकात 2250 मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र उभे राहिले. कोळसा त्यांच्याच टेकड्यांखालचा. त्या विजेचा एक मोठा वाटा कोलोरॅडो नदीचे पाणी पंपांनी सुमारे 880 मीटर उचलून वाळवंटातल्या फिनिक्स आणि टुसॉन शहरांकडे नेण्यासाठी होता. शहरांत गवताची हिरवळ झाली आणि नवाहोंच्या हजारो घरांत वीज नव्हती, नळ नव्हता. नोव्हेंबर 2019 मध्ये ते केंद्र बंद झाले, कारण कोळशाची वीज महाग पडू लागली. कोणाचे मन द्रवले म्हणून नव्हे. पण त्याआधी, 2017 सालीच, नवाहोंच्या स्वतःच्या वीजसंस्थेने कायेंटा इथे सुमारे 27 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केला होता. ही संस्था 1959 पासून आहे. जमीन त्यांची, पॅनेल त्यांची, वीज विकून येणारा पैसा त्यांच्या संस्थेचा, आणि त्यातून वाड्यांवर तारा ओढण्याचे काम. कोळशाचे केंद्र बंद पडले तेव्हा शेकडो नवाहो कामगारांचा रोजगार गेला, तो सौर प्रकल्पाने भरून निघाला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण मालक कोण, या एका प्रश्नाचे उत्तर बदलले की बाकीचा हिशेब कसा बदलतो ते त्यांच्याकडे दिसते.

आणि "स्वच्छ" वीज म्हणजे आपोआप न्याय्य वीज, असाही भ्रम नको. नॉर्वेत फोसेन नावाच्या भागात सामी आदिवासींच्या रेनडिअरच्या चराऊ रानात 151 पवनचक्क्या उभ्या केल्या. ऑक्टोबर 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे परवाने सामींच्या हक्कांचा भंग करतात. निकालानंतरही पंख फिरतच राहिले. तरुणांनी 2023 साली राजधानीत मंत्रालयाची दारे अडवली, तेव्हा कुठे तडजोडी झाल्या. साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्यांखालच्या वनजमिनीची भांडणे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यात काही नवीन वाटणार नाही. इथून पुढे सह्याद्रीच्या कड्यांवरही हाच प्रश्न येणार आहे. जून 2023 मध्ये राज्य सरकारने दिवसा पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची अशा 7350 मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी केंद्राच्या एका कंपनीशी करार केला. वरचा तलाव कोणाच्या पठारावर आणि खालचा कोणाच्या खाचरात, हे नकाशावर निळ्या ठिपक्याने दाखवले जाते. ठिपक्याखाली घर असते.

ग्लासगोच्या 2021 च्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी आणि दानसंस्थांनी जगभरच्या आदिवासींना आणि जंगल राखणाऱ्या समाजांना 1.7 अब्ज डॉलर देण्याचे जाहीर केले. पहिल्या वर्षी जे वाटले गेले त्यातले थेट आदिवासींच्या संस्थांच्या हाती जेमतेम 7 टक्के पडले. बाकीचे मधल्या संस्थांमार्फत. अनुदानाची गंगा शेतात येईपर्यंत तिची पाझर कशी होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मदतीच्या वाटेला लागण्यापेक्षा मालकीच्या वाटेला लागावे, असे आम्ही म्हणतो ते म्हणूनच.

मालकीची वाट कायद्यात आहे का? आहे, आणि आश्चर्य म्हणजे बरीच रुंद आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 3(2) आपल्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांनी वाचले असेल. त्यात ज्या गावसुविधांसाठी वनजमीन द्यायची आहे त्यांची यादी आहे: शाळा, दवाखाना, रस्ता, पाण्याची टाकी, विजेच्या तारा, आणि त्याच यादीत अपारंपरिक ऊर्जेचे साधनही आहे. अटी अशा की जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडली जाऊ नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. एक हेक्टरपेक्षा कमी जागेत बिलगावसारखे दहा प्रकल्प मावतात. 2003 च्या वीज कायद्यात, म्हणजे बिलगावचे दिवे लागले त्याच वर्षीच्या कायद्यात, कलम 14 मध्ये म्हटले आहे की राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात जो वीज करील आणि तिथेच वाटील त्याला परवान्याची गरज नाही. आम्ही परवाना-राज्याला जन्मभर शिव्या दिल्या. इथे परवाना नको असे कायदाच म्हणतो, तर आपण त्या दारातून आत गेलो किती?

सपाटीवरच्या शेतकऱ्यासाठी 2019 साली आलेल्या कुसुम योजनेच्या 'अ' भागात 500 किलोवॅटपासून 2 मेगावॅटपर्यंतचे सौर प्रकल्प स्वतः शेतकऱ्याने, शेतकऱ्यांच्या गटाने, सहकारी संस्थेने किंवा पंचायतीने सबस्टेशनजवळच्या पडीक जमिनीवर उभारायचे आणि वीज मंडळाला विकायची, अशी सोय ठेवली होती. त्याऐवजी आपल्याकडे गाजली ती दुसरी वाट: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या 2023 च्या दुसऱ्या टप्प्यातली भाड्याची वाट. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, दरवर्षी तीन टक्के वाढ. दिवसा वीज मिळावी हा या योजनेचा हेतू आम्हाला मान्य आहे, त्यासाठीच आपण रात्रीच्या मोटारीवर साप चावून मेलेल्यांच्या याद्या घेऊन आंदोलने केली. पण शेतकऱ्याने हिशेब पाहावा. एक मेगावॅटला साधारण दोन हेक्टर जमीन लागते, म्हणजे भाडे अडीच लाख. त्याच दोन हेक्टरांवर वर्षाला सोळा लाख युनिट वीज तयार होते. तीन रुपयांनी धरली तर 48 लाख. अर्थात प्रकल्पाला चार कोटींच्या घरात भांडवल लागते, कर्जाचे हप्ते, विमा, धुणे-पुसणे, राखण यांत पहिली दहा वर्षे बहुतेक पैसा जातो. हे आम्ही लपवत नाही. पण पॅनेल 25 वर्षे चालतात. कर्ज फिटल्यानंतरची पंधरा वर्षे कोणाची, यावर सगळा फरक पडतो. ज्याची जमीन त्याला अडीच-तीन लाख आणि ज्याची बँकेत पत त्याला उरलेले, ही वाटणी आपल्याला उसापासून कापसापर्यंत पाठ आहे.

आता एक अवघड गोष्ट. तिच्यावर आमच्यातच एकमत नाही, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. 1974 पासून जमीन महसूल कायद्याच्या कलम 36अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून विकता किंवा भाड्याने देता येत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींना जमिनी खासगी उद्योगांना भाडेपट्ट्याने देता याव्यात यासाठी कायद्यात बदल करण्याची घोषणा केली. आदिवासी संघटनांनी विरोध केला. आमचे काही जुने सहकारी म्हणतात, आपण शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याच्या बाजूचे. जमिनीचे काय करायचे ते ज्याची जमीन त्याने ठरवावे, आदिवासी काय अज्ञान मूल आहे? हा युक्तिवाद आम्ही झटकून टाकत नाही. आदिवासीला पालकाची गरज आहे असे मानणारे कायदे त्याचा अपमान करतात, हे खरेच आहे.

पण स्वातंत्र्य बाजारात वापरायचे तर बाजार हवा. जिथे गिऱ्हाईक एकच आणि तेही तहसीलदाराच्या जीपमधून उतरलेले, तिथे भाव ठरत नाही, सांगितला जातो. एकाधिकार कापूस खरेदीत आपण हे भोगले आहे: विकायचे स्वातंत्र्य कागदावर, आणि घेणारा एक. धडगावच्या डोंगरातल्या माणसाला 30 वर्षांच्या करारावर अंगठा किंवा सही करायची तर त्याच्यासमोर दोन तरी पर्याय हवेत, आणि दुसरा पर्याय म्हणजे स्वतःचा किंवा गावाचा प्रकल्प. तो पर्याय उभा राहण्याआधी कुंपण काढले तर आत कोण शिरेल ते आपण ओळखतो. म्हणून आमचे मत असे की आधी ग्रामसभांना वीज करू द्या, त्यांना कर्ज द्या, मग भाड्याची चर्चा बरोबरीच्या नात्याने होईल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैठकीत बोलावे, आम्ही ऐकू.

गावाच्या मालकीचे सगळेच प्रयोग गोड असतात असेही नाही. आम्ही एका पाड्यावर गेलो होतो तिथे पाच वर्षांपूर्वी वाटलेले सौर दिवे होते. 40 पैकी 3 पेटत होते. बॅटऱ्यांत पाणी घालायचे असते हे कोणी सांगितले नव्हते, आणि सांगायला येणाऱ्याचे कंत्राट उद्घाटनाबरोबर संपले होते. एका घरी पॅनेलवर मिरच्या वाळत होत्या. मिरच्या छान वाळतात, असे त्या बाई म्हणाल्या. फुकट आलेली वस्तू बिघडली तर ती देणाऱ्याची बिघडते, कष्टाने केलेली बिघडली तर आपली बिघडते. बिलगावात पाना घेऊन खाली उतरणारी पोरे तयार झाली ती त्यांच्या बापांनी तिथली वाळू डोक्यावरून वाहिली होती म्हणून.

शेतीच्या माणसाला एक तांत्रिक गोष्टही सांगायची आहे. सातपुड्यातले बरेच ओढे होळीनंतर आटतात, तेव्हा पाण्याची वीज मंदावते. नेमके तेव्हा ऊन कडक असते. उलट जुलै-ऑगस्टात आभाळ भरलेले, सौर पॅनेल अर्धवट चालतात, आणि ओढे दुथडी भरून वाहतात. पाणी आणि ऊन हे तूर आणि ज्वारीसारखे आहे, एक कमी पडते तिथे दुसरे उभे राहते. मिश्रपिकाची ही अक्कल ज्यांच्याकडे आहे त्यांना मिश्र विजेचे गणित अवघड जाणार नाही. धडगावची आमचूर आज कैऱ्या चिरून खडकावर वाळवून व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने जाते. गावात दहा किलोवॅट वीज असेल तर तीच आमचूर चिरून, सुकवून, दळून, पिशवीत भरून खाली येईल. दिवा ही सुरुवात झाली. वीज चुलीच्या आणि दिव्याच्या पुढे गिरणीपर्यंत गेली तरच तिचा खर्च निघतो, आणि खर्च निघाला तरच ती टिकते.

येत्या जिल्हा बैठकीत एक अख्खे सत्र यासाठी ठेवले आहे. तालुका शाखांनी येताना तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या प्रत्येक सबस्टेशनच्या पाच किलोमीटरच्या आत किती पडीक जमीन आहे आणि ती कोणाची. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी सौर प्रकल्पाला जमीन भाड्याने दिली त्यांचे करार, झेरॉक्स चालेल, पण संपूर्ण, शेवटच्या पानासकट. बहुतेकांनी ते पान वाचलेले नसते. आणि अक्राणी, अक्कलकुवा, नवापूर, साक्रीच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातले बारमाही ओढे आणि त्यांचे कडे, जिथे पाणी तीन पुरुषांपेक्षा जास्त उंचीवरून पडते असे. मोजमाप घ्यायला इंजिनिअरची वाट पाहू नये. बादली, घड्याळ आणि गाठी मारलेली दोरी एवढ्यावर पहिला अंदाज निघतो, कसा ते बैठकीत करून दाखवू.

डोंगरातल्या ग्रामसभांचे लोक या सत्रात मंचावर बसतील, आपण समोर. बैठक सकाळी दहालाच सुरू करायची आहे. दुपारी उशीर झाला तर धडगावकडे जाणारी शेवटची गाडी चुकते आणि मागच्या वेळेसारखी माणसांना स्टँडवर रात्र काढावी लागते.